जीभ की वही? बोर्दोच्या तांबड्या वाईनची प्रतवारी

सरकारी कचेरीत एका पत्राचं उत्तर तेरा दिवसांत येणं म्हणजे काय, हे टेबलावर बसणाऱ्यालाच ठाऊक. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात १८५५ साली असं एक उत्तर आलं होतं. ५ एप्रिलला तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने वाईनच्या दलालांच्या संघटनेला पत्र पाठवलं. मे महिन्यात पॅरिसला तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेवरून जागतिक प्रदर्शन भरत होतं, त्यात मांडायला आपल्या जिल्ह्यातल्या उत्तम वाईनची प्रतवार यादी हवी होती. १८ एप्रिलला यादी तयार! तांबड्या वाईनचे पाच वर्ग, प्रत्येक वर्गात मळ्यांची नावं, नावापुढे गाव आणि मालक. गोड पांढऱ्या वाईनची यादी वेगळी.

दलालांनी सोबत एक सावध पत्रही जोडलं होतं. त्याचा आशय असा की हे काम नाजूक आहे, त्यातून नाराजी होणार, आम्ही काही अधिकृत प्रतवारी ठरवत नाही, उपलब्ध माहितीवरून एक अंदाज सादर करतो इतकंच. म्हणजे पुढे कुणी विचारलंच तर हात वर करायची सोय! पण झालं उलटंच. तो अंदाज दगडावर कोरल्यासारखा टिकला. पावणेदोनशे वर्षं होत आली, आणि आजही उंची फ्रेंच तांबडी वाईन कुठली, या प्रश्नाचं उत्तर जगभरची माणसं त्याच यादीत शोधतात.

आता गंमत बघा. ही यादी करायला कुणी पेले मांडून बसलं नव्हतं. चाखण्याची खास बैठक झाली नाही, परीक्षक नेमले गेले नाहीत, गुण दिले गेले नाहीत. दलालांनी आपल्या जुन्या वह्या काढल्या आणि कुठल्या मळ्याची वाईन वर्षानुवर्षं काय भावाने विकली गेली ते पाहिलं. ज्याचा भाव जास्त तो वरच्या वर्गात. जिभेचा निवाडा म्हणून जग जो डोक्यावर घेतं, तो खरं म्हणजे हिशेबाच्या वहीचा उतारा आहे.

एवढं वाचून "बघा, सगळं थोतांड!" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला तसं वाटत नाही. पण त्यासाठी त्या वह्यांत भाव कुठून आले ते पाहायला हवं.

बोर्दोची वाईन आणि इंग्लंड यांचं नातं फार जुनं. ११५२ साली आक्वितेनची डचेस एलिनॉर हिने हेन्रीशी लग्न केलं, दोन वर्षांनी हा हेन्री इंग्लंडचा राजा झाला, आणि हुंडा म्हणावा तसा सगळा बोर्दो प्रांत इंग्रजांकडे गेला. १४५३ च्या कास्तियोंच्या लढाईपर्यंत, म्हणजे तीनशे वर्षं, तो त्यांच्याच ताब्यात होता. तेव्हाची वाईन फिकट लाल, कोवळी, वर्षाच्या आत पिऊन संपवायची. तिला मळ्याचं नाव नव्हतं. पिंपं भरून जहाजं जात, लंडनला ती 'क्लॅरेट' म्हणून विकली जाई. आपण बाजारातून तांदूळ आणतो तेव्हा तो कुणाच्या शेतातला हे विचारत नाही, तसंच.

नाव लावण्याची युक्ती सतराव्या शतकात पोंताक नावाच्या घराण्याने काढली. बोर्दोच्या न्यायालयात वरच्या पदावर असलेली ही मंडळी. शहराजवळच्या खडेमिश्रित जमिनीत त्यांचा ओ-ब्रियों हा मळा होता. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर या घराण्याने लंडनमध्ये स्वतःचा गुत्ता... क्षमा करा, प्रतिष्ठित खानावळ थाटली आणि तिथे आपल्या मळ्याच्या नावाने वाईन विकायला सुरुवात केली. पण त्याच्याही आधी, १० एप्रिल १६६३ रोजी, सॅम्युअल पीप्स नावाच्या गृहस्थाने लंडनच्या रॉयल ओक टॅव्हर्नमध्ये ही वाईन घेतली आणि रात्री रोजनिशीत नोंद केली की 'हो ब्रायन' नावाची एक फ्रेंच वाईन प्यायलो, चव चांगली आणि अशी काही वेगळी की पूर्वी कधी अनुभवली नव्हती. नाव त्याने कानाला लागलं तसं लिहिलं. एका ठरावीक मळ्याच्या वाईनची चव कुणीतरी लिहून ठेवल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. हा पीप्स कोण, तर इंग्रजी आरमाराच्या मंडळाचा 'क्लार्क'! हुद्दा माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा होता, पण शब्द तोच, म्हणून मला त्याच्याविषयी उगीच आपुलकी वाटते.

पुढे १६७७ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक मुद्दाम ओ-ब्रियोंच्या मळ्यावर गेला. तिथली पांढरट वाळू आणि खडे पाहून, अशा जमिनीत काय पिकणार असं कुणालाही वाटावं, असं त्याला वाटलं. खरं रहस्य त्या खड्यांतच होतं. पाणी तुंबत नाही, मुळं खोल जातात, दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब देतो. शेजारच्या मेदॉक भागातली दलदल त्याच शतकात डच लोकांनी चर खणून काढली आणि तिथेही तसेच खड्यांचे उंचवटे मोकळे झाले. लाफित, मार्गो, ला तूर ही नावं तिथली. (मराठी माणसाला ला तूर वाचून आपलं लातूर आठवणारच. फ्रेंचमध्ये 'तूर' म्हणजे बुरूज. डाळीशी संबंध नाही.)

यानंतरची गोष्ट गोवेकराने तर वाचायलाच हवी. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या लढाया सुरू होत्या. १७०३ मध्ये इंग्लंडने पोर्तुगालशी मेथुएन तह केला. हेच पोर्तुगाल तेव्हा इथे पणजी-म्हापशावर राज्य करत होतं. त्या तहाने पोर्तुगीज वाईनला फ्रेंच वाईनपेक्षा कमी जकात बसू लागली. लंडनचा सामान्य माणूस पोर्ट प्यायला लागला. (गोव्यात अजून तांबड्या गोड वाईनला सरसकट 'पोर्ट वाईन' म्हणतात ते याच घराण्यातलं नाव.) पण ही जकात मालाच्या किमतीवर नव्हती, मापावर होती. पिंपात साधी वाईन असो की उंची, जकात तेवढीच. मग एवढी जकात भरून साधी वाईन कोण आणणार? आणायची तर उत्तमच आणायची. म्हणजे इंग्रजांच्या कस्टम खात्याने नकळत बोर्दोच्या मळेवाल्यांना सांगितलं की निवडून पिकवा, जपून मुरवा आणि महाग विका. कराच्या कोष्टकामुळे एखाद्या पदार्थाची चव सुधारल्याचं इतकं सरळ उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी 'लंडन गॅझेट'मध्ये लिलावाच्या जाहिराती येऊ लागल्या, आणि त्यांत मळ्यांची नावं होती.

१७८७ च्या मे महिन्यात थॉमस जेफरसन बोर्दोला गेला. तो तेव्हा अमेरिकेचा फ्रान्समधला वकील होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने आपल्या टिपणात पहिल्या प्रतीचे चार मळे लिहिले: मार्गो, ला तूर, ओ-ब्रियों, लाफित. १८५५ च्या यादीत पहिल्या वर्गात नेमके हेच चार आहेत, अडसष्ट वर्षं आधी लिहिलेले! म्हणजे यादी तेरा दिवसांत झाली नाही. ती शंभरेक वर्षं हळूहळू लिहिली जात होती, १८५५ मध्ये फक्त तिची स्वच्छ प्रत निघाली.

त्या लिहिणाऱ्यांची ओळख करून घेऊ. बोर्दोचा दलाल हा मळेवाला आणि व्यापारी यांच्यामधला माणूस. व्यापारी नदीकाठच्या शार्त्रों धक्क्यावर, मळे दूर मेदॉकमध्ये. दलाल घोड्यावरून मळ्यामळ्यात जायचा, पिंपातली कोवळी वाईन चाखायचा, यंदा पाऊस कधी पडला आणि द्राक्षं कधी उतरवली ते विचारायचा, आणि दोघांत सौदा जुळवून द्यायचा. आयर्लंडमधल्या कॉर्कहून १७३९ मध्ये आलेला अब्राहम लॉटन हा त्यांतला प्रसिद्ध. त्याच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या वह्या राखल्या, आणि त्याच घरातल्या गियोम लॉटनने १८१५ च्या सुमारास स्वतःची एक प्रतवारी केली होती. वहीत भाव लिहिला गेला, म्हणजे त्याआधी कुणीतरी पिंपाशी वाकून वाईन जिभेवर घोळवली होती आणि दुसऱ्या कुणीतरी त्यावर स्वतःचे पैसे लावले होते. चूक झाली तर खिशाला चाट. एका संध्याकाळी दहा तज्ज्ञ बसवून गुण काढण्यापेक्षा, शंभर वर्षांत शेकडो माणसांनी पदरमोड करून दिलेलं मत मला तरी जास्त भरवशाचं वाटतं. निदान १८५५ पर्यंत तरी.

भावांची पट्टी साधारण अशी होती. एक 'तोनो' म्हणजे चार पिंपं, ९०० लिटर. पहिल्या वर्गाचा तोनो ३००० फ्रँकच्या वर, दुसऱ्याचा २५०० ते २७००, तिसऱ्याचा २१०० ते २४००, चौथ्याचा १८०० ते २१००, पाचव्याचा १४०० ते १६००. तांबड्या वाईनचे ओ-ब्रियों सोडून बाकी सगळे मळे मेदॉकचे. नदीपलीकडच्या सेंत-एमिलियों आणि पोमरोल भागाचा पत्ताच नाही, कारण त्यांचा व्यापार लिबूर्न या गावातून चाले आणि बोर्दोच्या दलालांच्या वह्यांत त्यांना फारशी जागा नव्हती. आज पोमरोलचं पेत्रुस जगातल्या सर्वांत महाग वाईनमध्ये मोडतं, पण यादीत नाही. हद्दीबाहेरचं प्रकरण!

आणि मग ती यादी थिजली. मला इथे आपल्या खात्यातली ज्येष्ठता यादी आठवते. एकदा क्रमांक लागला की माणूस काम करो वा न करो, क्रमांक हलत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात कांतमेर्ल हे नाव शेवटी हाताने जोडलं गेलं. पुढे मळे विकले गेले, वाटण्या झाल्या, एकाचे दोन झाले (आज तांबड्यांची ६१ नावं आहेत ती त्यामुळे), शेजारची जमीन कुणी घेतली, कुणी दिली. पण वर्ग जमिनीला नाही, नावाला चिकटलेला. १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड फ्रान्समध्ये शिरली, आणि पुढे सगळ्या मळ्यांत अमेरिकन मुळांवर फ्रेंच वेलींची कलमं बांधावी लागली. म्हणजे यादी ज्या वेलींची होती त्या वेलीही उरल्या नाहीत. यादी मात्र तशीच. वर्ग बदलल्याचं उदाहरण एकच: मूटॉन रॉथशिल्ड. दुसऱ्या वर्गात पहिला असलेला हा मळा १९७३ मध्ये पहिल्या वर्गात गेला. त्यासाठी बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांनी अर्धशतक खटपट केली आणि शेवटी त्या आदेशावर तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांनी सही केली. एका पदोन्नतीला एकशे अठरा वर्षं!

आता जिभेकडे वळू. कारण वही कितीही थोर असली तरी पेला समोर आल्यावर करायचं काय?

पद्धत अशी. पेला तिसरा हिस्सा भरायचा, देठाला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून कडेचा रंग बघायचा. कोवळ्या बोर्दोची कडा जांभळट असते, वय वाढलं की विटकरी होत जाते. मग न हलवता वास, मग पेला गोल फिरवून पुन्हा वास. मग घोट तोंडात घेऊन वर थोडी हवा ओढायची. बशीतून चहा भुरकल्यासारखा आवाज होतो, सभ्य माणसांतही चालतो. आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वास असतो, म्हणून तर सर्दीत सोलकढी बेचव लागते. नंतर परीक्षक वाईन थुंकून टाकतात आणि चव किती वेळ रेंगाळते ते मोजतात. या रेंगाळण्याला फ्रेंचांनी मापही केलंय: एक सेकंद म्हणजे एक 'कोदाली'.

तांबड्या वाईनचा कणा म्हणजे टॅनिन. ते द्राक्षाच्या साली-बियांतून आणि ओकच्या नव्या पिंपातून येतं, लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं, खरखरीत करतं. गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. काजूचं बोंड चावलं की जिभेला आणि घशाला जे होतं, तेच हे, सौम्य रूपात. आपल्या जुन्यांनी याला सहा रसांत 'कषाय' म्हणून मानाची जागा दिली. पाश्चात्य शास्त्र तुरटपणाला चव मानायला तयार नाही, तो स्पर्श आहे म्हणतं. माझ्या एका बोटीवरच्या मित्राने एकदा साधी बोर्दो आणली होती. यादीतली नव्हे, यादीतली घ्यायची आमच्या पगाराची पत नाही. पहिल्या घोटाला बोंडच आठवलं, तिसऱ्याला नाही. जेवणासोबत तुरटपणा विरघळत गेला. मटणातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, मग ते लाळेच्या वाटेला कमी जातं, हे कारण नंतर वाचलं.

या शास्त्राला शिस्त लावली एमिल पेनो (१९१२-२००४) यांनी. बोर्दो विद्यापीठातले हे प्राध्यापक गरीब-श्रीमंत सगळ्या मळ्यांवर सल्ला द्यायला जात. त्यांचा १९८० चा 'ल गू द्यु व्हँ' हा ग्रंथ म्हणजे चाखण्याची मुळाक्षरं. ते तांबड्या वाईनचा तोल एका तराजूत मांडतात. एका पारड्यात मद्यार्क, जो जिभेला गोडसर लागतो. दुसऱ्यात आंबटपणा आणि टॅनिन मिळून. मद्यार्काच्या अंशांतून या दोघांची बेरीज वजा करायची, की वाईन किती मऊ ते कळतं. आमच्याकडे काजूच्या भट्टीवरही बाटली हलवून बुडबुडे बघणारा जुना माणूस असतो आणि 'ग्राव'चं मोजमापही असतं; फेणी कळायला दोन्ही लागतं. पेनोंची जात तीच.

मात्र शब्दांचं काय करायचं? बोर्दोच्या वर्णनात सीडरचं लाकूड, सिगारची पेटी, शिसपेन्सिलचा भुगा आणि ब्लॅककरंट हे ठरलेले. ब्लॅककरंट आपण फक्त आइस्क्रीमच्या दुकानात पाहिलेलं! मी वाचताना तिथे पिकलेलं जांभूळ घालतो आणि माझं काम भागतं.

आणि जीभ तरी किती स्वतंत्र? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दो विद्यापीठातल्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन दिली, आणि तीच वाईन बिनवासाच्या रंगाने तांबडी करून दिली. दुसऱ्या पेल्याचं वर्णन त्यांनी तांबड्या वाईनच्या शब्दांत केलं. ती मुलं लबाड नव्हती. डोळा आधी निवाडा देतो आणि नाक मान डोलावतं, एवढंच त्यातून दिसलं. रंगाने जर एवढं होतं, तर बाटलीवर 'लाफित' लिहिलेलं असताना काय होत असेल?

ते पंचवीस वर्षं आधी पॅरिसमध्ये दिसून गेलं होतं. २४ मे १९७६. स्टीव्हन स्परियर हा पॅरिसमधला इंग्रज वाईन-व्यापारी. त्याने कॅलिफोर्नियाच्या वाईन फ्रेंच वाईनच्या पंगतीत बसवून, नावं झाकून, वीसपैकी गुण द्यायला लावले. नऊ फ्रेंच परीक्षक, त्यांत रोमाने-कोंतीचे ओबेर द व्हिलेन, यादीतल्या जिस्कूर मळ्याचे पियेर तारी, खुद्द सरकारी नामांकन खात्याचे निरीक्षक. तांबड्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३. दुसरी मूटॉन १९७०, तिसरी मोंरोझ, चौथी ओ-ब्रियों. फरक अगदी थोडा होता, पण क्रम तो क्रम. एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. ती मिळाली नाही. हजर असलेला एकमेव पत्रकार 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर, म्हणून बातमी जगाला कळली. स्टॅग्ज लीपचा मालक वॉरन विनियार्स्की आधी शिकागो विद्यापीठात शिकवायचा, आमच्यासारखा आर्ट्सवाला, आणि त्या १९७३ च्या पिकाच्या वेळी त्याच्या वेली लावून जेमतेम तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांच्या वेलींनी शंभर वर्षांच्या वहीला मागे टाकलं.

वहीची मर्यादा इथे दिसते. १८५५ पर्यंतचा भाव चवीमागून चालत होता. यादी छापली गेली आणि भाव यादीमागून चालू लागला. पहिल्या वर्गाची वाईन महाग, कारण ती पहिल्या वर्गाची. आणि ती पहिल्या वर्गाची, कारण ती महाग. नवीन मत शिरायला फटच राहिली नाही. १९७८ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर या वकिलाने आपलं वार्तापत्र काढून शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली ती हीच फट पाडायला. १९८२ च्या बोर्दोची त्याने पिंपातूनच भरभरून स्तुती केली आणि त्याचं नाव झालं. मग मळेवाले त्याच्या गुणांकडे डोळे लावून बसू लागले. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला. वसंतात, अवघ्या सहा महिन्यांच्या वाईनवर पिंपाशी गुण देण्याचा आणि त्यावर भाव फुटण्याचा रिवाज मात्र चालूच आहे.

१९७६ नंतर फ्रेंचांनी एक मुद्दा काढला, आणि तो चुकीचा नव्हता. बोर्दो कोवळेपणी तोंड उघडत नाही. टॅनिन विरायला, गाळ बसायला वीस-तीस वर्षं द्या, मग बोला. तेवढी वर्षं दिली गेली. २४ मे २००६ रोजी लंडन आणि कॅलिफोर्नियातल्या नापा इथे त्याच तांबड्या वाईन पुन्हा उघडल्या, पुन्हा नावं झाकून. पहिली आली रिज मोंते बेल्लो १९७१, जी आधी पाचवी होती. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या. मूटॉन त्यांच्यामागून आली.

१८५५ ची यादी त्यानंतरही कुणी बदलली नाही.